मसुऱ्यातलं भाड्याचं घर: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

मसुऱ्यात घर घेऊन ते भाड्याने द्यायचं म्हटलं, की पैशाचा प्रश्न मागे पडतो. त्याआधी विचारावं लागतं, की हे घर नेमकं कोणाकोणाचं आहे, आणि आपण मुंबईत असताना पाहुण्याला दार कोण उघडणार. ठाण्यात किंवा पुण्यात फ्लॅट घेणाऱ्याला या दोन्ही गोष्टींची फारशी चिंता नसते. तिथे बिल्डरचा करारनामा असतो, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं, बँकेच्या वकिलाने कागद चाळलेले असतात. भाडेकरू दलाल आणून देतो आणि किल्ली शेजारी ठेवली तरी चालतं. त्याच अनुभवाच्या भरवशावर जो मालवण तालुक्यात घर घ्यायला उतरतो, त्याचा बराच काळ तलाठी कार्यालयाच्या बाकावर जातो. म्हणून या सगळ्या विषयाचा आढावा घेताना मी एक मत आधीच मांडतो. इथे घर विकत घेण्यापासून सुरुवात करू नये. आधी एखादं बंद घर चालवून पाहावं. आपलं, भावकीतलं किंवा शेजाऱ्याचं, कोणतंही चालेल. घेण्याचा विचार त्यानंतर.

मसुरे हा गड नदीच्या काठचा मोठा, वाड्यावाड्यांत पसरलेला गाव. मालवण, आचरा आणि कणकवली या तिन्ही बाजारपेठांशी त्याचा राबता. नदी पुढे कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. गावात भरतगड आहे. किल्ला खासगी मालकीचा, आत आंब्याची बाग. पैलतीरावर भगवंतगड. आणि ज्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखो माणसं लोटतात, ती वाडी मसुऱ्याचीच. रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केलं गेलं, १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीच्या विमानतळावर प्रवासी विमानं उतरू लागली. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर या काळात घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. मसुरे समुद्रावर नाही, आतल्या अंगाला आहे. इथे येणारा पाहुणा लाटांसाठी येत नाही. नदी, सावली, शांतता आणि घरचं जेवण यांसाठी येतो, किंवा जत्रेसाठी. हा फरक लक्षात न घेता तारकर्लीचे दर मनात धरून मसुऱ्यात हिशेब मांडला, तर तो पहिल्याच वर्षी चुकतो.

एकीकडे ही मागणी वाढते आहे आणि दुसरीकडे माणसं कमी होत आहेत. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. याचा अर्थ कोणत्याही वाडीत चालत गेलं तरी डोळ्यांना दिसतो: दर चार-सहा घरांमागे एक कुलूपबंद, खळ्यात गवत, पडवीच्या कौलांतून उजेड आत येतोय. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, आणि तिथल्या गावांनी अशा घरांच्या नोंदवह्या करून ती नव्या माणसांना द्यायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे अशी नोंदवही नाही. कोणतं घर का बंद आहे हे गावाला तोंडपाठ असतं, कागदावर मात्र ते कुठेच नसतं.

घर भाड्याने देण्याऐवजी माणसं ते बंद का ठेवतात? आळसाने नाही. यामागे एक भीती आहे आणि ती भीती इतिहासातून आली आहे. १९४८ च्या कूळ कायद्याने, आणि त्यातही १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने, कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. त्याच कायद्याने मालकाच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्या कुळालाही संरक्षण दिलं: त्याला सहज काढता येत नाही, आणि घराखालची जागा विकायची झाली तर पहिला हक्क त्याचा. हजारो कुटुंबांना यातून पहिल्यांदा स्वतःची जमीन मिळाली, हे या कायद्याचं मोठं काम. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात एक धडा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला, की दुसऱ्याला आत येऊ दिलं की ते त्याचं होतं. शेतजमिनीचा हा धडा लोकांनी राहत्या घरालाही लावला.

तिकडे मुंबईत याच घरांतली माणसं उलट्या बाजूला उभी होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला जवळजवळ मालकाइतकी सुरक्षितता दिली. कोकणातल्या चाकरमान्यांची गिरणगावातली बिऱ्हाडं त्या छत्राखाली टिकली. गावाच्या मंडळाच्या नावाने घेतलेली एक खोली, त्यात वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका, पाळ्यांप्रमाणे झोपायच्या जागा, आणि खानावळीत शिजवून वाढणाऱ्या बायका. पुढे पागडीच्या खोल्या आल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येकांचं शहरातलं पोट गेलं, खोली मात्र राहिली. म्हणजे कोकणी कुटुंबाने भाड्याच्या व्यवहाराचं एकच टोक पाहिलेलं आहे, भाडेकरूचं. आणि भाडेकरू किती घट्ट बसू शकतो हे त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक आहे. गावचं घर कुणाला देताना हात आखडतो तो या जाणिवेने. माझ्या मते या विषयावर लिहिणाऱ्यांनी या भीतीला हसू नये. तिला उत्तर द्यावं, आणि ते उत्तर कागदात आहे.

आता कागद. इथे थोडं थांबावं लागेल, कारण मसुऱ्यासारख्या गावात सगळा व्यवहार इथेच अडतो किंवा तरतो.

शहरात घराला मिळकत पत्रिका असते. कोकणातलं घर बहुतेक वेळा गावठाणात नसतंच. ते आपापल्या आवाटात, आंब्या-फणसाच्या मध्ये, शेतजमिनीच्या गटात उभं असतं. त्यामुळे दोन वेगळे कागद हातात येतात. एक ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, ज्यावर घरपट्टी बसते. दुसरा त्या जमिनीचा सातबारा. घरपट्टीवर एकाचं नाव आणि सातबाऱ्यावर भलत्याचंच, हे इथे नेहमीचं. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ती फक्त कर भरल्याची खूण. हे न कळल्याने कित्येकांनी विटा-चिरे विकत घेतले आणि खालची जमीन दुसऱ्याचीच राहिली. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून सनदा देण्याचं काम सुरू आहे, पण ती योजना गावठाणापुरती. गटातल्या घराला तिचा आधार मिळेलच असं धरू नये.

सातबारा हातात आला की पहिल्यांदा वरची नावं मोजावीत आणि मग ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. वर आजोबांच्या पिढीची सात नावं असतील, त्यांतली पाच माणसं हयात नसतील, आणि वारस नोंद फक्त दोघांचीच झालेली असेल. इतर हक्कात कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, किंवा ‘कलम ४३ च्या अटीस पात्र’ असा शेरा असेल. त्या शेऱ्याचा अर्थ असा, की जमीन कूळ कायद्यातून मिळालेली आहे आणि ती विकण्यावर बंधन आहे. खरेदी प्रमाणपत्राला किती वर्षं झाली, शासनाकडे काय भरावं लागेल, हे महसूल कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. जिल्ह्यातल्या काही भागांत जमिनीवर वनसंज्ञेचा शेरा आहे, आंबोली-चौकुळ-गेळेकडे कबुलायतदार गावकर जमिनींचा गुंता आहे. मसुऱ्यात तो नसला, तरी जिल्ह्यात दुसरीकडे स्वस्त जागा दिसली म्हणून धावणाऱ्याने हे शब्द लक्षात ठेवावेत. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफाराचा क्रमांक दिलेला असतो. ते सगळे फेरफार काढून, जुन्यापासून नव्यापर्यंत, एका बैठकीत वाचावेत. घराण्याची गोष्ट त्यात अशी उलगडते, की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.

सर्वांत जास्त वेळ जातो तो वारसांपायी. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. तरीही ‘बहिणींचा काय, त्या लग्न होऊन गेल्या’ असं सांगत व्यवहार पुढे रेटणारे भेटतात. अशा विक्रेत्याला बयाणा देऊ नये. बहीण डोंबिवलीत असो की दुबईत, तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवंच. आणि इथे मला स्पष्ट बोलायचं आहे: हक्कसोडपत्र बहिणीकडून गणपतीच्या गडबडीत, आरतीनंतर, ‘इथे सही कर’ म्हणून घेण्याची जी रीत आहे ती थांबली पाहिजे. घराच्या भाड्यात तिचा वाटा ठेवला तर ती सहीला विरोध करत नाही, उलट घराची कळकळ तिलाच जास्त असते. बहुतेक घरांत देवघराच्या समईत तेल आहे का हे फोन करून विचारणारी तीच असते.

एखाद्या सहहिस्सेदाराने आपला अविभक्त वाटा विकायला काढला, तर तो स्वस्त मिळतो. मोह होतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे तो वाटा विकत घेता येतो, पण कुटुंबाच्या राहत्या घरातला वाटा घेणाऱ्या परक्याला त्या कुटुंबासोबत संयुक्त ताब्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे उरलेले भाऊबंद त्याचा वाटा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला घेऊ शकतात. म्हणजे स्वस्तातलं घर घ्यायला गेलेला माणूस वर्षानुवर्षं कोर्टात राहतो आणि घरात कधीच नाही. मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर झालेल्या ‘विक्री’चीही तीच गत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात सांगितलं आहे, की अशा कागदांनी मालकी मिळत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं.

शेतजमिनीतलं घर घ्यायचं, तर आणखी एक दार ओलांडावं लागतं. कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ज्यांचं गावच्या सातबाऱ्यावर नाव आहे असे चाकरमानी शेतकरीच आहेत, त्यांची अडचण नाही. इतरांना बिगरशेती झालेली जागा पाहावी लागते. हल्ली ‘निसर्गाच्या कुशीत बंगला प्लॉट’ अशा जाहिराती फार दिसतात. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉट योजनेला महारेराचा क्रमांक लागतो. तो मागावा, आणि बिगरशेतीचा आदेश, मोजणीचा नकाशा व रस्त्याचा हक्क हे तिन्ही कागद पाहावेत. कोकणात रस्ता म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्याच्या गडग्यातून जाणारी पाणंद असते. विक्रेत्याला कोणी अडवलेलं नसतं, तुम्हाला अडवतील. नदीकाठची जागा असेल तर भरती-ओहोटी जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंत किनारी नियमनाचे नियम येतात. २०१९ च्या अधिसूचनेत खाडी-नद्यांच्या काठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा पात्राची रुंदी, जे कमी असेल तो पट्टा नियमनाखाली येतो. म्हणून नदीकडेच्या घराचं मोल देताना ते घर आज आहे तेवढंच राहील, वाढवता येईलच असं नाही, हे धरूनच द्यावं.

एवढं सगळं जमलं असं समजू आणि हिशेब मांडू. आकडे धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. दोन खोल्यांचं, चिऱ्याचं, कौलारू घर आणि भोवतीची जागा ३० लाखांना. न्हाणीघरं, शौचालयं, वायरिंग, छप्पर यांवर ८ लाख. मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी मिळून २ लाख. एकूण ४० लाख. वर्षात ९० रात्री दोन्ही खोल्या गेल्या, प्रत्येकी २,००० रुपयांनी, तर जमा ३,६०,००० रुपये. आता खर्च. घर सांभाळणाऱ्याला महिना ८,००० म्हणजे वर्षाला ९६,०००. सफाई आणि चादरी-टॉवेल ४०,०००. वीज २४,०००. पावसाआधीची डागडुजी ४०,०००. बुकिंगच्या संकेतस्थळाचं १५ टक्के कमिशन ५४,०००. घरपट्टी, विमा आणि किरकोळ १०,०००. खर्च झाला २,६४,०००, उरले ९६,०००. चाळीस लाखांवर हे २.४ टक्के होतात. बँकेतली मुदत ठेव याहून पुष्कळ जास्त देते, आणि कर्ज काढून घर घेतलं असेल तर हप्ता खिशातून जाणार. अमेरिकेतली भाड्याच्या घरांवरची पुस्तकं सांगतात, की महिन्याचं भाडं किमतीच्या एक टक्का तरी असावं. मुंबईतल्या फ्लॅटलाही ते जमत नाही, मसुऱ्याच्या घराला कसं जमेल? तिथलं दीर्घ मुदतीचं स्थिर व्याजाचं कर्जही इथे नाही. उलट ग्रामपंचायत नोंदीच्या जुन्या घरावर गृहकर्ज द्यायला बँका मुळातच नाखूश असतात.

तेच घर वडिलोपार्जित असेल, तर गुंतवणूक फक्त दुरुस्तीची, ८ लाख. मिळकत तीच ९६,००० धरली तरी ती १२ टक्के होते. यात जमिनीचं मोल धरलेलं नाही हे खरं, पण जे घर विकायचंच नाही आणि आज गळतंय त्याला हाच हिशेब योग्य. म्हणून म्हटलं, की मसुऱ्यात सुरुवात खरेदीने करू नये. भावकीतल्या घराची दुरुस्ती आपण करायची, बदल्यात पाच-सात वर्षं ते चालवायचं, उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा सगळ्या वारसांना द्यायचा, असा लेखी करार चार सह्यांनी होऊ शकतो. यात मालकी हलत नाही, त्यामुळे कोणाच्या पोटात गोळा येत नाही. आणि दोन वर्षांत हे काम आपल्याला झेपतं का ते कळून जातं.

नव्वद रात्री हा आकडा मी मुद्दाम कमी धरला आहे. पाहुण्यांची गर्दी मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात आणि आंगणेवाडीच्या जत्रेला असते. जत्रेची तारीख पंचांगात बांधलेली नसते, देवीचा कौल घेऊन ती ठरते आणि जाहीर झाली की मुंबईत रेल्वेची तिकिटं संपतात. त्या दिवसांत एकेक पडवी भरलेली असते. पण नेमक्या त्याच दिवसांत आपली माणसंही गावी येतात. मे महिन्यात मुलं, गणपतीला सगळी भावकी, जत्रेला लेकी-जावई. जत्रेला दारात आलेल्या नातलगाकडून कोणी पैसे घेत नाही, आणि घेऊही नयेत. तेव्हा घरच्यांचे दिवस आधी कॅलेंडरवर लाल करून टाकावेत आणि उरलेल्या दिवसांचाच धंदा धरावा. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्याकडे चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाऊ बॅगा घेऊन खळ्यात उभा आणि आत पुण्याचे पाहुणे, असा प्रसंग ओढवतो. असा एक चतुर्थीचा दिवस घरातल्या दहा वर्षांच्या बोलाचालीला पुरतो. घराचा एक भाग, देवघर आणि माजघर, कायम कुटुंबाचा ठेवून मांगर किंवा मागची पडवी पाहुण्यांसाठी नीट करणं हा यावरचा मला सर्वांत पटणारा तोडगा आहे.

चालवण्यातला बराच खर्च पाऊस करवून घेतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणाऱ्या पावसात बंद घर लाकडाने आधी हरतं. वासे-रिपांना वाळवी, भिंतीला ओल, गाद्यांना बुरशी. माकडांनी एक कौल सरकवलं की त्याखालचा वासा दोन पावसांत गेला. घर उघडा रवाक व्हया, असं गावात सांगतात ते अगदी व्यवहाराचं बोलणं आहे: चूल पेटली, वारा खेळला, कोणी चाललं-फिरलं, तर घर टिकतं. शाकारणी एप्रिल-मेमध्येच उरकावी लागते, आणि तेव्हा सुतार-गवंडी सगळ्यांनाच हवे असतात. फोनवर मुंबईहून ‘करून टाका’ म्हणून सांगितलेलं काम जूनच्या पहिल्या सरीपर्यंत होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कौलं उडाली, माड-आंबे घरांवर पडले, वीज कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस नव्हती. विमा घ्यावा, आणि घरात पाहुणे उतरतात हे विमा कंपनीला लेखी सांगून घ्यावा. एप्रिलपासून विहिरीचं पाणी तळाला जातं. चार माणसांचं कुटुंब त्यात भागवतं, पण शॉवरखाली उभे राहणारे आठ पाहुणे भागवत नाहीत. घर पाहायला जायचं तर मेच्या शेवटच्या आठवड्यात जावं आणि विहिरीत डोकवावं. महावितरणचं मीटर अजून पणजोबांच्या नावावर असेल तर तेही आधी बदलून घ्यावं.

आणि माणूस. या धंद्यात यश येतं ते घर सांभाळणाऱ्या माणसामुळे, हे मी पूर्ण खात्रीने लिहितो. शेजारचे काका ‘बघतलंय मी’ म्हणाले म्हणून त्यांच्यावर टाकून मोकळं होऊ नये. त्यांचा मोबदला ठरवावा आणि दर महिन्याला तो पोचवावा. पाहुणे असोत नसोत. जेवणाचं काम वाडीतल्या बाईकडे असेल तर ताटाचा पैसा थेट तिच्या हातात जावा. घावणे, वडे, बांगड्याचं तिखलं, सोलकढी यांसाठी आलेला पाहुणा परत येतो तो तिच्यासाठी. घराचा मालक कोण, हे त्याला आठवतही नाही. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिलांनी स्वतः चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांपर्यंत व्याजाचा परतावा, मर्यादा घालून, देऊ केला आहे. गावात राहणारी सून किंवा वहिनी या व्यवसायाची खरी मालकीण असेल, आणि कागदावरही तीच असेल, तर ही मदत तिच्यापर्यंत पोचते. मुंबईकर दिराने तिच्या नावावर अर्ज करून व्यवहार आपल्याकडे ठेवणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

पाहुणे ठेवण्याच्या रीतसर बाजू फार अवघड नाहीत. पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारीची किंवा होम स्टेची नोंदणी करता येते. पिकती शेती असलेल्यांसाठी २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. ग्रामपंचायतीला कळवावं, पाहुण्यांची ओळखपत्रं घेऊन वही ठेवावी, आणि परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी. परदेशी पासपोर्ट असलेला आपलाच पुतण्या पैसे देऊन राहिला तरी तो यात येतो. आयकरात नुसत्या घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवण-सेवा देऊन खोल्या चालवल्या तर ते धंद्याचं उत्पन्न ठरतं आणि प्रत्यक्ष खर्च दाखवावा लागतो. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान घरमालकाला जीएसटीची नोंदणी साधारणतः लागत नाही. बुकिंग संकेतस्थळावरून आलं तर त्यावरचा कर ते संकेतस्थळच भरतं.

या सगळ्या पर्यटनाच्या बोलण्यात एक भाडेकरू हरवतो, आणि मला त्याच्याबद्दलच जास्त आस्था आहे. गावात बदलून आलेली शिक्षिका, बँकेतला तरुण कर्मचारी, आरोग्य सेविका, ग्रामसेवक. यांना वर्षभरासाठी बरी खोली हवी असते आणि ती सहज मिळत नाही. मग ते मालवणात किंवा कणकवलीत राहून रोज ये-जा करतात, आणि शाळा सुटताच गाव सोडणारा शिक्षक गावाचा होत नाही. किनाऱ्यावरच्या गावांत प्रत्येक खोली पाहुण्यांसाठी राखली जाऊ लागली, की पहिल्यांदा अशांचीच जागा जाते; गोव्यातल्या किनारी गावांनी हे आपल्या आधी पाहिलं आहे. मसुऱ्यात अजून ती वेळ आलेली नाही. पडवीलगतच्या दोन खोल्या एखाद्या शिक्षिकेला महिना चार हजारांनी दिल्या तर वर्षाला ४८,००० रुपये येतात. कमिशन नाही, चादरी धुणं नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने घरात दिवा लागतो, कौल गळलं तर त्याच दिवशी फोन येतो. वर काढलेल्या ९६,००० शी हे ताडून पाहावं, त्यातला स्वतःचा वेळ आणि मे महिन्यातल्या फेऱ्या वजा कराव्यात. माझ्या हिशेबाने दोन्हींतलं अंतर फार उरत नाही.

भीतीचा प्रश्न इथेच येतो: ती शिक्षिका घर बळकावेल का? लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करावा आणि नोंदवावा. अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने असा करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि मुदतीनंतरही न सोडणाऱ्याला बाहेर काढण्याची जलद वाट कलम २४ मध्ये आहे. त्यात मुक्काम लांबवल्याबद्दल दुप्पट रक्कम मागता येते. हा कायदा मुळात परिशिष्टात दिलेल्या शहरांसाठी असला, तरी खेड्यात नोंदवलेला करार हाच न्यायालयापुढचा सर्वांत बळकट कागद ठरतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आणि नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० रुपये. म्हणजे महिना चार हजारांच्या वर्षभराच्या करारावर सगळा कागद हजाराच्या आत होतो. करारावर सह्या करताना सातबाऱ्यावरचे सगळे वारस हजर नसतील, तर त्यांची लेखी संमती जोडावी, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, आणि गणपतीच्या दिवसांत पुढची पडवी, खळं व विहीर सगळी भावकी वापरणार आहे, हे एक कलम त्यात साध्या मराठीत लिहून ठेवावं.